सत्काराला गेलेली शाल

दमलेल्या माणसानं बसून करायचा छंद लावून घ्यावा. मी लावून घेतला तो दुसऱ्यांच्या अडगळी उपसायचा, तोही गुडघे टेकून. त्याला कारण भूकंप.

२०११ च्या फेब्रुवारीत क्राइस्टचर्च हादरलं, तेव्हा मी इथल्या एका कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. त्यानंतर कित्येक वर्षं माझं काम एकच होतं. डोक्यावर हेल्मेट घालून तडकलेल्या इमारतीत शिरायचं, भेगा बघायच्या आणि बाहेर उभ्या असलेल्या लोकांना सांगायचं, की ही पाडावी लागेल. लोक चिडत नसत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसती मान हलवत, ‘नो वरीज’ म्हणत आणि गाडीत जाऊन बसत. घरी आलो की मी बूट काढायच्या बाकावर बसायचो, आणि बायको हाक मारेपर्यंत एक बूट हातात धरून तिथंच राहायचो.

त्या इमारतींत बरेच जुने लॉजचे हॉल होते. आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडसमोरची कोंदट खोली डोळ्यांसमोर येते. इथली लॉज म्हणजे बंधुमंडळं. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी ती गावोगावी काढली. महिन्यातून एकदा जमायचं, आजारी सभासदाच्या घरी मदत न्यायची, मेलेल्याला रीतसर पोचवायचं, आणि हे सगळं अंगावर टार्टनचा पट्टा घालून करायचं. टार्टन म्हणजे ते चौकड्यांचं लोकरी कापड. लॉजनं ज्या कुळाचं नाव घेतलं असेल त्या कुळाच्या चौकड्या. वर छातीवर लावायची कापडी फुलं, गळ्यातल्या रुंद पट्ट्या, चांदीच्या तारेच्या झालरी. सभासद म्हातारे होऊन एकेक करून गेले, त्यांच्या मुलांना या थाटाची लाज वाटायची, आणि हॉल पाडायचा ठरला की हे सगळं कपाटासकट राडारोड्याच्या मोठ्या लोखंडी डब्यात जायचं.

पहिला पट्टा मी अशा डब्यातूनच उचलला. विटांच्या भुकटीत काहीतरी लाल-हिरवं दिसलं, ओढलं, तर निघतच राहिलं. डबा भरणारा माणूस म्हणाला, “घेऊन जा, मेट. स्वीट ॲज.” म्हणजे खुशाल ने. त्या दिवशी मी एक शंभर वर्षांचा हॉल पाडायला सांगितला होता. काहीतरी वाचवल्याचं समाधान मला हवं होतं, एवढंच. ते समाधान फार टिकलं नाही, पट्टे मात्र वाढत गेले.

जमवणं सोपं असतं. खरी दमछाक ओळखण्यात. लोक पट्टा सुलट धरून बघतात आणि ‘वा’ म्हणतात. मी आधी उलटा करायचो. अस्तराच्या कोपऱ्यात शिवणाऱ्या दुकानाची चिंधी असते, तिच्यावरून गाव कळतं. झालर बोटांत चोळली की कळतं, खरी चांदीची तार काळी पडते आणि तांब्यावर मुलामा दिलेली हिरवट होते. मग चौकड्या. कडेपासून रेघा मोजायच्या. हिरव्यात किती दोरे, निळ्यात किती, मधली पिवळी रेघ एका दोऱ्याची की दोन. डोळ्याला भिंग लावून मी मोजत बसायचो, आणि कुणी चहा घेणार का विचारलं की पुन्हा पहिल्यापासून.

“दिवसा त्यांचे हॉल पाडतोस आणि संध्याकाळी त्यांचे पट्टे जपतोस,” बायको म्हणायची. “एक काहीतरी ठरव ना.”

तिचा खरा राग फ्रीझरवरून होता. लोकरीला कसर लागते. डांबराच्या गोळ्या घातल्या तर वास कायमचा बसतो, म्हणून जाणकार लोक असं कापड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काही आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, अळ्या मरतात. आमच्या गराजमधल्या फ्रीझरमध्ये मटार, खवलेला नारळ, पुरणाचे गोळे आणि त्यांच्याखाली कुणातरी कैलासवासी गोऱ्याचा पट्टा अशी व्यवस्था होती. पाहुण्यांना आइस्क्रीम देताना ती मला मुद्दाम मोठ्यानं विचारायची, “अरे, यातलं खायचं कुठलं?”

शेवटच्या चीफची भेट या छंदातच झाली. लॉजच्या प्रमुखाला ते चीफ म्हणत. हा गृहस्थ क्राइस्टचर्चच्या दक्षिणेला, दोन तासांवरच्या एका छोट्या गावात एकटाच राहायचा. वय नव्वदीकडे झुकलेलं. त्याच्या लॉजमध्ये आता तोच एक सभासद उरला होता. कुणाकडून तरी माझ्याबद्दल ऐकून त्यानं फोन केला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला, “तू इंडियन आहेस म्हणे. मला चालेल. डोळे चांगले आहेत का?”

त्याच्या घरी तीन लॉजचा माल एकत्र झाला होता. शेजारची दोन लॉज बंद पडताना त्यांची खोकी याच्याकडे आली, कधीतरी छप्पर गळलं, कुणीतरी सगळं बाहेर काढून वाळवलं आणि कुठलंही कुठंही भरून टाकलं. त्यात तीन मोठ्या शाली होत्या. त्यांच्या भाषेत प्लेड. चीफनं खांद्यावरून घ्यायची जाड लोकरी शाल. तिन्ही गर्द हिरव्या-निळ्या, तिन्हीत पिवळी रेघ, आणि तीन हात अंतरावरून तिन्ही सारख्याच.

“यातली आमची कुठली, ते मला सांग,” तो म्हणाला.

मग त्यानं कारण सांगितलं. त्यांच्या लॉजची रीत होती. चीफ गेला की त्याच्या शवपेटीवर ती प्लेड पसरायची. दफनभूमीत पेटी खाली सोडायच्या आधी पुढच्या चीफनं ती उचलायची, स्वतःच्या खांद्यावर घ्यायची, आणि मग पेटी सोडायची. त्यानं स्वतः ती अशीच उचलली होती. त्याच्या आधीच्यानंही.

“मला शेजारच्या गावची अंगावर नको,” तो म्हणाला. “जन्मभर त्यांच्याशी भांडलो मी.”

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. बायको गेलेली, मूलबाळ नाही, मागे एक भाची. त्याला आता या जगाकडून एवढं एकच हवं होतं, आणि ते मिळवून द्यायला त्याच्याकडे माझ्याशिवाय माणूस नव्हता. मी हो म्हटलं. हो म्हणण्याची माझी सवय जुनी आहे, तिनंच मला म्हातारं केलं.

सुट्टीच्या दिवशी दोन तास गाडी हाकून जायचं, मोजायचं, परत यायचं, असं बरेच महिने चाललं. त्याच्या स्वतःच्या पट्ट्यावर लॉजचा नंबर भरलेला होता, म्हणून त्या पट्ट्याच्या रेघा प्रमाण धरल्या आणि तिन्ही प्लेड त्यांच्याशी ताडून पाहिल्या. एकीची पिवळी रेघ एकाच दोऱ्याची निघाली, ती बाद. दुसरीची निळी पट्टी अरुंद. तिसरी जुळली. तिच्या डाव्या खांद्यावर येणाऱ्या जागी कापड विरलेलं होतं, रफू केलेलं, आणि रफूसुद्धा पुन्हा विरलेलं. एकामागून एक चीफ त्याच ठिकाणी पिन टोचत आले होते. मी ती त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं बोटांनी ती जागा चाचपली आणि बराच वेळ हात तिथून काढला नाही.

“हीच,” तो म्हणाला. “फार वेळ लावलास.”

तिला कसर लागायला सुरुवात झाली होती, म्हणून मी ती घरी न्यायची असं ठरलं. अळ्या मारायच्या, रफू करून घ्यायचं. “मी गेलो की भाची फोन करेल, तेव्हा घेऊन ये,” तो म्हणाला. “उचलायलाही तूच ये, दुसरं कोण आहे? आणि मग तुझ्याकडेच ठेव.”

हे झालं २०१७ च्या हिवाळ्यात, इथला हिवाळा जून-जुलैत असतो. मग गणपती आले.

बायको मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर होती, म्हणजे मंडळाचं सामान आमच्या गराजमध्ये होतं. मखर, समया, सतरंज्या, आणि सत्काराच्या शालींचं खोकं. मंडळाची एक चांगली प्रथा होती. मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेल्या आई-वडिलांचा गणपतीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. या लोकांचे इथं फार हाल होतात. दिवसभर बंद घरात बसायचं, नातवंडांशी मराठीत बोलायचं आणि उत्तर इंग्रजीत ऐकायचं, फार तर रिकार्टनच्या इंडियन दुकानापर्यंत चालत जाऊन कोथिंबीर आणायची. वर्षातून एकदा कुणीतरी त्यांना व्यासपीठावर बोलावतं.

त्या आठवड्यात मला कायकोराकडे रस्त्याच्या कामावर जावं लागलं. निघताना मी प्लेड फ्रीझरमधून काढली आणि हळूहळू बाहेरच्या तापमानावर यावी म्हणून समोरच्या खोक्यावर पसरून ठेवली. समोरचं खोकं मंडळाचं होतं. शनिवारी सकाळी मंडळाचे खजिनदार सामान न्यायला आले आणि गराजमधलं सगळं सामान उचलून घेऊन गेले.

रविवारी परत आलो तेव्हा खोकंही नव्हतं आणि प्लेडही नव्हती. मी काही विचारायच्या आत बायकोनं मंडळाच्या ग्रुपवरचे फोटो उघडले. मोदकांचे फोटो, लेझीमचे फोटो, आणि मग एक उंच, वाळलेले आजोबा. हातात नारळ, खांद्यावर चीफची प्लेड.

मी खजिनदारांना फोन केला.

“अरे, तुझी होती?” ते म्हणाले. “मला वाटलं तू मंडळाला दिलीस. एक शाल कमीच पडत होती. आणि ही इतकी भारी, म्हणून सगळ्यांत वडीलधाऱ्यांना घातली. काय शोभली रे त्यांना!”

मी फोन ठेवला. कुणा दुसऱ्या लोकांच्या हाती गेली असती तर शोधता आली असती. आपल्या लोकांच्या हाती सत्काराची शाल लागली म्हणजे संपलं. सत्काराची शाल कुणी पांघरत नाही. ती कपाटात जाते आणि पुढच्या बारशाला, मुंजीला, व्याह्यांना, डॉक्टरांना दिली जाते, ते ती आणखी कुणाला देतात. माझ्या सासऱ्यांना मिळालेली एक जांभळी शाल तीन घरं फिरून दिवाळीत त्यांच्याकडेच परत आली होती, आणि त्यांनी तीही कौतुक करून घेतली. आता शंभर वर्षांची प्लेड अशीच कुणाच्या तरी सुटकेसमधून नाशिकला किंवा ठाण्याला निघाली असेल, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

आजोबांची मुलगी रिकार्टनला राहायची, तिचा नंबर मिळायला तीन दिवस गेले. ती म्हणाली, बाबा कालच ऑकलंडला दादाकडे गेले, मनुरेवा नावाच्या उपनगरात. तिथं फोन केला तर नातीनं उचलला. मी मराठीत विचारलं, ती इंग्रजीत म्हणाली, “आजोबांचं ते ब्लँकेट? आल्यापासून काढतच नाहीत. खूप वॉर्म आहे म्हणतात.”

शाल फिरली नव्हती. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. ज्यानं ती दुसऱ्याला दिली नाही त्याच्याकडून ती परत मागायची होती.

मी आठवडाभर टाळत राहिलो. मग चीफच्या भाचीचा फोन आला. त्यानं जेवण सोडलं होतं. रोज सकाळी तो एकच विचारायचा, प्लेड तयार आहे का. मी रजा टाकली आणि ऑकलंडचं विमान पकडलं.

आजोबांचा मुलगा ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. तो कामावर गेलेला, सूनही. घरात आजोबा एकटे, खिडकीजवळच्या खुर्चीत, प्लेड दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसलेले. पाय मोज्यांत, त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. मला बघून उठले, पाणी आणलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, “मंडळातले ना तुम्ही? फार सुंदर कार्यक्रम केलात.”

मी सांगितलं. सगळं नाही, जेवढं तोंडातून निघालं तेवढं. ही एका जुन्या संस्थेची आहे, संस्थेचे शेवटचे गृहस्थ फार आजारी आहेत, त्यांना ती जवळ हवी आहे, आणि माझ्या गराजमधून ती चुकून गेली.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शालीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, “मला शंका आलीच होती. एवढी जड शाल मंडळं देत नाहीत.”

“तुम्ही सगळ्यांत वडीलधारे म्हणून मुद्दाम तुम्हाला घातली,” मी म्हणालो. हे खरं होतं, पण बोलताना खोटं वाटलं.

“मी वीज खात्यात लाइनमन होतो,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षं. निवृत्त झालो त्या दिवशी नेमका संप होता, निरोप समारंभ राहिला तो राहिलाच. पुढं मुलांच्या लग्नांत व्याह्यांनी शाली दिल्या, त्या देण्याघेण्यातल्या. नाव पुकारून, व्यासपीठावर बोलावून घातलेली ही पहिली. म्हणून म्हटलं, ही काही कुणाला द्यायची नाही.”

मग ते उभे राहिले, प्लेड काढली, आणि तिची घडी घालायला लागले. एकट्याला घडी जमेना तेव्हा मी दुसरं टोक धरलं. शाल उतरल्यावर ते एकदम लहान दिसायला लागले. मला स्वतःची इतकी शरम वाटली, की मी तिथल्या तिथं बोलून गेलो, “काका, काम झालं की मी परत आणून देतो. ते माझ्याकडेच ठेवणार आहेत ती, मी तुम्हाला देतो.”

“बघा,” ते म्हणाले. “शब्द देऊ नका.”

चीफ त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला. मी प्लेड घेऊन वेळेत पोचलो होतो. त्याचे डोळे मिटलेले होते, पण भाचीनं त्याचा हात त्या रफूवर ठेवला तेव्हा बोटं हलली. अंत्यविधीला माणसं मोजकीच होती. दफनभूमीत वारा इतका होता, की प्लेड उडू नये म्हणून भाची आणि मी दोन बाजूंनी धरून उभे होतो. पेटी सोडायची वेळ झाली, तेव्हा व्यवस्था बघणाऱ्या माणसानं विचारलं, “पुढचा चीफ कोण?” भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी ती उचलली, त्यांच्या रीतीप्रमाणे खांद्यावर घेतली, आणि पेटी खाली गेली. मी त्या लॉजचा कुणी नव्हतो, स्कॉटलंड मी पाहिलेलं नाही. पण मला रडू आलं, आणि ते थांबवायची ताकदही माझ्यात नव्हती. इतक्या वर्षांच्या सगळ्या पडलेल्या इमारतींचं ते असावं.

घरी आलो तर बायको गराजच्या दारातच उभी होती.

“ती आत आणू नकोस.”

“स्वच्छ करून घेतो.”

“स्वच्छतेचा प्रश्न नाही. प्रेतावरची आहे ती. आणि तू ती त्या काकांना देणार? चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला? त्यांची सून तुला दारात तरी उभं करेल का?”

तिचं बरोबर होतं. मला हे मनुरेवात सुचलंच नव्हतं. मी लॉजवाल्यांच्या रीती शिकत राहिलो होतो, त्या नादात आपली रीत डोक्यातून गेली. मढ्यावरचं वस्त्र आपण घरात ठेवत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला ते पांघरायला देणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघण्यासारखंच. मी प्लेड कापसाच्या चादरीत गुंडाळून गराजच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवली. पट्टे जमवणं त्याच सुमारास थांबलं. मुद्दाम थांबवलं असं नाही. भिंग डोळ्याला लावलं की दोरे एकमेकांत मिसळायचे आणि मोजायची इच्छाच होत नसे.

मनुरेवात आजोबांना फोन करायचं मी रोज ठरवायचो. उन्हाळा आला, लोक टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन समुद्रावर जायला लागले. आजोबांची परत जायची वेळ जवळ आली असणार, हे मला माहीत होतं, आणि ते गेले की प्रश्न आपोआप सुटेल असंही मनात यायचं.

फोन त्यांचाच आला.

“ते गृहस्थ कसे आहेत?” त्यांनी विचारलं.

“गेले, काका.”

“अरेरे.” मग म्हणाले, “शाल मिळाली होती ना त्यांना? वेळेवर?”

“मिळाली.”

“मग झालं तर.” त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मागे टीव्हीवर कुठलीतरी मराठी मालिका चालू होती. ते परत मागणार नाहीत हे मला कळलं, आणि न मागता ते फोन ठेवतील हे मला सहन होईना.

“काका, मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं,” मी म्हणालो. “ती त्यांच्या शवपेटीवर घालायची होती. तशी त्यांची रीत. घातली, मग मी उचलून घरी आणली. चांगली आहे, जशीच्या तशी आहे. पण आता तुम्हाला कुठल्या तोंडानं देऊ?”

पलीकडे त्यांनी मालिका बंद केली.

“म्हणजे आता ती कुणीच घेणार नाही,” ते म्हणाले.

“नाही ना.”

“मग घेऊन या,” आजोबा म्हणाले. “बरंच झालं उलट. आता माझ्याकडून ती परत मागायला कुणी येणार नाही.”